ताई म्हणणारा चोर

चेनबाईंच्या दुकानात कुणाला शिरायचं असेल तर आधी चेनबाईंना बाहेर यावं लागे. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मध्ये एक फट उरली होती, तिला कुणीतरी दार लावलं आणि भाड्याने दिली. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल, भिंतीवर खिळ्यांना लोंबणाऱ्या सगळ्या रंगांच्या चेनी, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जागा घेणाऱ्या स्वतः बाई. "मला बघूनच या दुकानाचं माप घेतलंय," त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "फक्त शिवताना आत कापड सोडायला विसरले."

पर्सची, जॅकेटची, सुटकेसची, पोरांच्या दप्तराची, कुठलीही चेन बिघडली की लोक तिथे यायचे. सुटकेस असेल तर बाई विचारायच्या, "कुठे निघालात?" आणि पँट असेल तर, "कुठे निघाला होतात?" निम्म्या वेळा नवी चेन लागायचीच नाही. तिचा रनर सैल झालेला असायचा. तो पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की दातात दात बसायचे. "जास्त दाबला तर मोडतो आणि कमी दाबला तर धरत नाही," बाई म्हणायच्या. "बाकी या धंद्यात शिकण्यासारखं काही नाही."

आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे धाकटा भाऊ. तो तीन तासांच्या प्रवासावरच्या एका शहरात बसस्थानकावर नोकरीला होता. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारायचा. आवाज असा, की गाडी चुकलेल्या माणसालासुद्धा ती सुटल्याचं त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटावं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या सामानाची आपण काळजी घ्यावी." दिवसभर हजारो अनोळखी लोकांना हा माणूस अहो-जाहो करायचा.

आणि ड्युटी संपली की सख्ख्या बहिणीला फोन करायचा, "ए ढमे!"

ढमी हे नाव त्यानेच ठेवलेलं. लहानपणी बाई गुटगुटीत होत्या आणि हा काडीपैलवान. ताई म्हण म्हणून आईने त्याला समजावलं, दटावलं, दोनदा धोपटलंही. मार खाऊन रडत तो ज्या कुशीत शिरायचा ती ढमीचीच असायची, त्यामुळे शिक्षेचा काही उपयोग होत नसे.

"ढमे, जिवंत आहेस की दुकानात अडकलीस?"

"अडकले. ये सोडवायला."

"क्रेन मिळत नाहीये."

"अरे, दिवसभर परक्यांना कृपया-कृपया करतोस. म्हाताऱ्या बहिणीला एखादं कृपया शिल्लक ठेव की."

"साठा ड्युटीपुरताच मिळतो गं. तू ड्युटी संपल्यावर येतेस."

एकदाच काय ते त्याने तिला ताई म्हटलं होतं. बाईंचं लग्न ठरलं आणि सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा. हा तेव्हा शाळेत होता. पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ताई, पाणी." बाईंना असं हसू फुटलं की हातातला पेला सरळ सासूबाईंच्या मांडीवर. मुलीच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, अशी त्या घराची समजूत झाली आणि ती पुढे बरीच वर्षं टिकली. पाहुणे गेल्यावर बाईंनी त्याचा कान धरला. "हे काय रे सोंग?"

"परक्यांसमोर नाही म्हणायचं," तो कान सोडवत म्हणाला. "ढमी घरातली आहे."

हा किस्सा बाई पुढे अनेकदा सांगायच्या, पण सांगताना सगळा भर त्या सांडलेल्या पाण्यावर असायचा. कानाची गोष्ट आली तर यायची, नाही तर राहून जायची.

शेजारच्या गाळ्यात एक मोबाइल दुरुस्त करणारा गृहस्थ बसायचा. बाईंच्या फोनमध्ये ते सगळ्या जगाचं गप्पांचं ॲप त्यानेच घालून दिलं. मग भावाबहिणीचं भांडण रात्रंदिवस सुरू झालं. तो बसगाड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, "तुझी आठवण झाली." बाई त्याला काडेपेटीतल्या काडीचा फोटो पाठवायच्या.

आणि एका दुपारी भावाच्या नावाने मेसेज आला. "नमस्कार ताई, कशा आहात? माझा एक कोड चुकून आपल्या फोनवर आला आहे. कृपया तो मला पाठवावा."

बाईंनी तो मोबाइलवाल्याला मोठ्याने वाचून दाखवला. "नमस्कार, ताई आणि कृपया! एका मेसेजात तीन-तीन शिव्या. हा माझा भाऊ नव्हे."

"अकाउंट हॅक झालंय त्यांचं," मोबाइलवाला म्हणाला. "उत्तर देऊ नका."

पण उत्तर न देणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लिहिलं, "तुमची चेन उघडी आहे." आणि मग ब्लॉक केलं.

डेपोतले निम्मे लोक फसले. ज्याने त्याने भावाला मदत करायची म्हणून कोड पाठवला आणि आपापलं अकाउंट घालवून बसला. भावाचे इतक्या वर्षांचे फोटो, बोलणी, सगळं त्या चोराच्या हाती गेलं ते गेलंच. त्याने कंपनीला कळवलं. उत्तर आलं, ते माणसाने लिहिलेलं नव्हतं: तुमची सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

"मला कळतो गं याचा अर्थ," भाऊ फोनवर म्हणाला. "मीही माइकवरून म्हणतो ना, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. म्हणजे गाडी येणार नाही."

त्याने नवीन अकाउंट काढलं, आणि त्याच फोनवर खूण ठरली. "मी ढमे म्हटलं तरच मी. नाही तर मी नाही."

"आणि ताई म्हणालास तर?"

"तर पोलिसात दे."

चोर ओळखला म्हणून बाईंचा भाव वाढला. रस्त्यावरचे लोक आलेला मेसेज खरा की खोटा ते विचारायला दुकानात येऊ लागले, आणि आलोच आहोत तर म्हणून चेनही दुरुस्त करून घेऊ लागले. बाई प्रत्येकाला ताईचा किस्सा सांगायच्या आणि शेवटी मान उडवून म्हणायच्या, "अहो, माझा भाऊ मरायला टेकला तरी मला ताई म्हणायचा नाही!"

मग ती मोठी बातमी आली. एखाद-दुसऱ्याचं नव्हे, अख्खं ॲपच फोडलं होतं. कोट्यवधी लोकांची नावं, नंबर, खाजगी बोलणी चोरीला गेली होती, आणि कंपनीला ते कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. रस्त्याचा नूरच पालटला. औषधवाल्याने अकाउंट बंद केलं. एका आजीबाईंनी लेकीने पाठवलेल्या नातवाच्या फोटोखाली लिहिलं, "हे बाळ कोणाचं?" आणि माय-लेकींचं बोलणं बंद झालं. मेसेजवर विश्वास नाही म्हणून लोक फोन करून खात्री करायला लागले. तेवढ्यात मोबाइलवाल्याने सांगितलं की हल्ली आवाजही खोटा करता येतो आणि चेहराही. मग फोनवरचाही विश्वास उडाला. बाईंनी पुठ्ठ्यावर पाटी लिहून दाराला अडकवली: "चेन दुरुस्त करून मिळेल. कोड मिळणार नाही."

भावाला त्यांनी हुकूमच सोडला. "फोनचं कुलूप बदल. पासवर्ड बदल. अवघड ठेव."

"किती अवघड?"

"तुलाही आठवणार नाही इतका."

"मग ढमे, चोरात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"बदल म्हटलं ना! आणि हा आवाज काय असा? बेडूक गिळलास?"

"घसा बसलाय. थोडे दिवस तोंड बंद ठेवा म्हणालेत डॉक्टर. डेपोत आनंदीआनंद आहे. आता फोन नाही करणार, लिहीन."

"बरं वाटेल ना रे?"

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला. "ठेवतो, ढमे."

त्यानंतरच्या आठवड्यात, दुकानापुढे गिऱ्हाइकांची चांगली गर्दी असताना, अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "ताई, मी आहे. हॉस्पिटलात आहे. बोलता येत नाही. हा दुसऱ्याचा फोन आहे. जमलं तर ये."

बाईंनी तो दोनदा वाचला. घसा बसलाय, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. पण मोबाइलवाला खांद्यावरून वाकून बघत होता. "अगदी छापील हो! हॉस्पिटल आहे, बोलता येत नाही, फोन दुसऱ्याचा. सगळे असंच लिहितात."

"पण घसा…"

"बाई, सगळी बोलणी चोरीला गेलीत. घसा त्यांनाही ठाऊक असणार."

हे पटण्यासारखं होतं. तरी बाईंनी एक संधी दिली. लिहिलं, "तू मला काय म्हणतोस ते सांग."

सगळे वाट बघत उभे राहिले. पलीकडचा माणूस लिहितो आहे असं दिसायचं, मग थांबायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा थांबायचं. "शोधतोय बिचारा," कुणीतरी म्हणालं. शेवटी उत्तर आलं.

"ताई."

रस्ता हसला. बाईही हसल्या, छातीवरचा धोंडा उतरल्यासारख्या मोकळ्या हसल्या. चोर होता, म्हणजे भाऊ बरा होता. त्यांनी ब्लॉकवर असं बोट दाबलं की मोबाइलवाला म्हणाला, "बाई, काच!"

थोड्या वेळाने वेगळ्याच नंबरवरून फोन वाजला. पुरुषाचा आवाज. "ताई, मी तुमच्या भावाच्या डेपोतला ड्रायव्हर. त्यांची तब्येत फार…"

"अरे वा! आता आवाजसुद्धा आणलात!"

"ताई, ऐकून तर घ्या…"

"पुन्हा ताई! कुणी शिकवलं रे तुला ताई म्हणायला? तुझ्या आईला माहीत आहे का तू काय उद्योग करतोस? लोकांच्या आजारपणाच्या थापा मारतोस, उद्या तुझ्या घशाला काही झालं म्हणजे कळेल!"

बाईंनी फोन आपटला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवाल्याने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र त्यांनी भावाच्या नंबरवर फोन लावून पाहिला. बंद होता. घसा सुटून तो कामावर बसला असेल, मग त्यात नवल नव्हतं. केबिनमध्ये बसताना तो फोन बंदच ठेवायचा. एकदा माइक चालू असताना त्याचा फोन वाजला होता, आणि सगळ्या बसस्थानकाने ते नाचाचं गाणं ऐकलं होतं. बाईंनी मेसेज लिहिला, "काडे, आज पुन्हा तुझ्या नावाने चोर आला होता. ताई म्हणाला. असा हाकललाय की विचारू नकोस. शाबासकी दे."

शाबासकी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मेसेज पोचल्याची खूणही दिसेना. "सध्या सगळ्यांचंच अडकतंय," मोबाइलवाला म्हणाला. बाईंनी त्या दिवशी एका बॅगेचा रनर जास्त दाबला. तो मोडला. असं त्यांच्या हातून कधी होत नसे. "सुट्टीच्या दिवशी जाऊनच येते," त्या म्हणाल्या. "समोर बसवून कान उपटते."

सुट्टीचा दिवस यायच्या आत, सकाळी दुकान उघडून मशीनवरचं फडकं काढत होत्या, तेव्हा दारात खाकी कपड्यातला एक माणूस येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"कसली चेन?" बाईंनी वर न बघताच विचारलं.

"ताई, मी फोन केला होता. तुम्ही रागावलात."

तोच आवाज. बाईंनी पक्कड उचलली. आता चोर दारापर्यंत आला, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर त्याच्या काखेतल्या पिशवीवर गेली. निळी पिशवी, तिला लाल चेन. बाईंनीच लावलेली. त्या दिवशी निळी चेन संपली होती. "आता ही पिशवी नाही, ट्रॅफिक सिग्नल आहे," असं भाऊ म्हणाला होता आणि त्यानंतर दुसरी पिशवी त्याने कधी वापरली नव्हती.

पक्कड मशीनवर ठेवली गेली. आवाज न करता.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"आज पहाटे. सकाळची पहिली गाडी मी मागून घेतली, इकडची. फोनवर तुम्ही ऐकणार नाही म्हटलं."

मोबाइलवाला आपल्या काउंटरमागे उभा होता तो बसला. मग उठला. "बाई… मीच म्हणालो होतो, छापील…"

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबरच सांगितलंत." आणि दार ओढून घ्यायला लागल्या. कडी लागेना. त्यानेच पुढे होऊन लावली.

परतीच्या गाडीत बाई ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत बोलत होता. ते बरं होतं, दोघांनाही.

घशात गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. बहिणीला सांगायचं नाही, असं त्याने डेपोत सगळ्यांना बजावलं होतं. "म्हणायचे, ताई दुकान बंद करून येईल आणि हॉस्पिटलवाल्यांच्या चेनी दुरुस्त करत बसेल. बरा होतो, मग जाऊन चकित करतो. ऑपरेशन झालंही नीट. त्यानंतर बिघडलं. मग मात्र पाटीवर लिहिलं, ताईला बोलवा."

"पाटीवर?"

"बोलता येत नव्हतं ना. पोरांची असते तशी पाटी दिली होती नर्सने. लिहायचे, दाखवायचे, पुसायचे." ड्रायव्हरने गिअर बदलला. "फोन केबिनच्या खणात राहिला होता, तो मी आणून दिला. पण तो चेहरा बघून उघडायचा. यांच्या नाका-तोंडात नळ्या, तोंड सुजलेलं. फोन म्हणाला, ओळख पटत नाही. मग कुलपाचा नंबर मागितला. तो म्हणे नवीनच बदललेला, अवघड. औषधांच्या गुंगीत आठवेना. तीन-चारदा चुकला, आणि कायमचा बंद झाला. तुमचा नंबर मात्र पाठ होता, म्हणून मग माझ्या फोनवरून."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती मागे गेली.

"तुमचा प्रश्न आला तो मी वाचून दाखवला. हसले. म्हणजे खांदे हलले. पाटी ओढून घेतली आणि काहीतरी लिहिलं. मी म्हटलं दाखवा, टाइप करतो. तर माझ्याकडे बघितलं एकदा, आणि अंगठ्याने पुसून टाकलं. मग बराच वेळ खडू धरून बसले. मी टाइप करायला घ्यायचो आणि थांबायचो. शेवटी लिहिलं, ताई. तेच मी पाठवलं."

गाडीत मागे कुणाचंतरी मूल खिदळत होतं.

"तुम्ही ब्लॉक केलंत, फोनवर शिव्या घातल्यात. मी खरं सांगतो ताई, फार चिडलो. ते नाही चिडले. लिहिलं, हुशार आहे ती. मग त्याखाली लिहिलं, मीच शिकवलंय. मी म्हटलं, तिकडची गाडी मागून घेतो, स्वतः जातो आणि त्यांना घेऊन येतो. मान डोलावली. पण मला ती आजची मिळाली."

गाडी बसस्थानकात शिरली. खांबावर लावलेल्या कर्ण्यातून नवा आवाज येत होता, कुणा मुलीचा. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या सामानाची आपण काळजी घ्यावी. स्वच्छ आवाज होता, एकही शब्द अडखळला नाही. बाईंनी ती सूचना शेवटपर्यंत ऐकली. काचेच्या केबिनकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

प्रवासी उतरले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, पण जागेवरून उठला नाही.

"ताई, एक विचारू का? त्यांनी आधी काय लिहिलं होतं? मला नुसता ढ दिसला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. महत्त्वाचं असेल, आणि माझ्याकडून राहून गेलं असेल…"

बाई लाल चेनचा रनर मागेपुढे करत होत्या. नीट धरत होता. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. भला माणूस होता. भावाच्या उशाशी तो बसला होता, आपण नव्हतो. त्याला सांगायला काहीच हरकत नव्हती. शब्द ओठापर्यंत आलाही.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "घरातलं होतं."